धावपट्टी-अतिक्रमण प्रतिबंध

विमानांच्या उड्डाणासाठी व अवतरणासाठी राखून ठेवलेल्या धावपट्टीच्या संरक्षित क्षेत्रात विमान, वाहन वा व्यक्ती यांची अयोग्य उपस्थिती म्हणजे धावपट्टी-अतिक्रमण होय. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची ही व्याख्या २००४ पासून लागू आहे. अमेरिकेने ती २००७ मध्ये स्वीकारली. टक्कर झाली किंवा नाही हा प्रश्न या व्याख्येत गौण असून, नको ती वस्तू नको त्या वेळी धावपट्टीवर असणे एवढे पुरेसे मानले जाते. विमान धावपट्टीबाहेर घसरणे किंवा वाहनतळावर विमानाला वाहन धडकणे या घटना तीत येत नाहीत. मे २०२४ मध्ये पुणे विमानतळावर दिल्लीस निघालेले एअर इंडियाचे विमान धावपट्टीकडे जाताना सामान ओढणाऱ्या ट्रॅक्टरवर आदळले. हा अपघात होता, पण अतिक्रमण नव्हते. याउलट, त्याच विमानतळावर २०२० मध्ये घडलेली एक घटना टक्कर न होताही या विषयाचे उत्तम उदाहरण ठरते.

लोहगावची घटना : पुण्याचा लोहगाव विमानतळ १९३९ मध्ये ब्रिटिश हवाई दलासाठी उभारण्यात आला. आजही तो भारतीय हवाई दलाचा तळ असून नागरी विमाने तेथील स्वतंत्र नागरी विभागातून ये-जा करतात. हा विभाग भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे, तर धावपट्टी व विमान वाहतूक नियंत्रण हवाई दलाकडे आहे. नागरी वाहतुकीस उपलब्ध असलेली मुख्य धावपट्टी एकच असून तिची लांबी सु. २,५३५ मी. आहे. १५ फेब्रुवारी २०२० रोजी दिल्लीस जाणारे एअर इंडियाचे एअरबस ए-३२१ जातीचे विमान या धावपट्टीवरून वेग घेत असताना वैमानिकांना पुढे एक जीप व एक माणूस दिसला. त्या वेळी विमानाचा वेग सु. १२० नॉट, म्हणजे ताशी सु. २२२ किमी. होता. टक्कर टाळण्यासाठी वैमानिकांनी विमानाचे नाक नेहमीपेक्षा लवकर उचलले. वेग पुरेसा नसताना नाक उचलले, तर पंखांना पुरेसे उत्थापन मिळण्यासाठी ते अधिक वर न्यावे लागते व त्या प्रमाणात शेपटी खाली येते. ए-३२१ हे विमान ए-३२० पेक्षा सु. ७ मी. लांब असल्याने त्याची शेपटी जमिनीस लागण्याचा धोका मुळातच जास्त असतो. तसेच झाले. विमान दिल्लीस सुखरूप उतरले. तथापि तेथील तपासणीत शेपटीकडील भागावर घासल्याच्या खुणा आढळल्या व ते सेवेतून बाजूला काढण्यात आले.

या घटनेत नियंत्रकाची सूचना, रडार, दिवे किंवा संगणक यांपैकी कशानेही विमान वाचलेले नाही. दिवसाच्या उजेडात वैमानिकांच्या डोळ्यांना धोका दिसला एवढेच. वरील वेगाने विमान सेकंदाला सु. ६२ मी. अंतर कापते. एखाद्या यंत्रणेने धोका ओळखून नियंत्रण मनोऱ्यातील पडद्यावर तो दाखवावा, नियंत्रकाने तो पाहून ध्वनिक्षेपकाचे बटण दाबावे, वाक्य बोलावे आणि वैमानिकाने ते समजून कृती करावी, यात सहा-सात सेकंद सहज जातात. तेवढ्यात विमान ३७० ते ४३० मी. पुढे गेलेले असते. अतिक्रमण रोखण्याच्या तंत्राचा गेल्या काही दशकांतील विकास हा बहुतांशी या सहा-सात सेकंदांशी चाललेला झगडा आहे.

कारणे : अतिक्रमणाची कारणे सामान्यतः तीन गटांत पडतात : वैमानिकाची चूक, नियंत्रकाची चूक आणि वाहनचालक वा पादचाऱ्याची चूक. तिन्हींच्या मुळाशी बहुधा आपण कोठे आहोत किंवा आपल्याला काय सांगितले गेले याविषयीचा गैरसमज असतो. विमान वाहतुकीच्या इतिहासातील सर्वांत मोठा अपघात याच प्रकारचा होता. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांपैकी तेनेरीफ येथे दाट धुक्यात केएलएम व पॅन ॲम या कंपन्यांच्या दोन बोइंग-७४७ विमानांची धावपट्टीवर टक्कर होऊन ५८३ लोक मृत्युमुखी पडले. पॅन ॲमचे विमान अद्याप धावपट्टीवरच होते व केएलएमच्या वैमानिकाने उड्डाणाची परवानगी नसताना धाव सुरू केली. निर्णायक क्षणी मनोऱ्याचा व पॅन ॲमचा संदेश एकाच वेळी प्रक्षेपित झाले. ते एकमेकांत मिसळल्याने केएलएमच्या कक्षात नुसती कर्कश शीळ ऐकू आली. यानंतर रेडिओवरील भाषा काटेकोर करण्यात आली. ‘उड्डाण’ या अर्थाचा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना वा ती रद्द करतानाच उच्चारावा आणि परवानगी ऐकणाऱ्याने ती शब्दशः परत म्हणून दाखवावी, हे नियम त्यातून रूढ झाले. खर्च जवळजवळ नाही आणि उपयोग मोठा, असा हा उपाय असला, तरी माणसाच्या लक्षावर तो सर्वस्वी अवलंबून आहे.

मुंबई येथे ८ जून २०२४ रोजी एअर इंडियाचे विमान उड्डाणासाठी धावत असतानाच त्याच्या मागे, त्याच धावपट्टीवर इंदूरहून आलेले इंडिगोचे विमान उतरले. दोन्ही विमाने नियंत्रकाला ठाऊक होती. चुकला तो दोहोंमधील अंतराचा अंदाज. दिसत नसलेली वस्तू दाखवणारी यंत्रणा अशा प्रसंगी उपयोगी पडत नाही. दिसणाऱ्या दोन वस्तूंच्या पुढील हालचालींचा हिशेब करणारी यंत्रणाच तेथे हवी.

खुणा व दिवे : धावपट्टीस मिळणाऱ्या प्रत्येक टॅक्सीमार्गावर थांबण्याची जागा पिवळ्या रंगाच्या चार समांतर रेषांनी आखलेली असते. त्यांपैकी दोन अखंड व दोन तुटक असतात; अखंड रेषांच्या बाजूने येणाऱ्याने परवानगीशिवाय पुढे जावयाचे नसते. मोठ्या धावपट्ट्यांवर, जेथे उपकरणांच्या साहाय्याने अचूक अवतरण केले जाते तेथे, ही जागा धावपट्टीच्या मध्यरेषेपासून ९० मी. अंतरावर ठेवतात. रात्री व धुक्यात रंग दिसत नाही. म्हणून या जागी आळीपाळीने उघडझाप करणारे पिवळे दिवे आणि जमिनीत बसवलेल्या तांबड्या दिव्यांची आडवी ओळ योजतात. ही ओळ परवानगीबरोबर नियंत्रक विझवतो. तांबडी ओळ पेटलेली असताना ती कोणीही, कोणाच्याही तोंडी सांगण्यावरून ओलांडू नये हा नियम आहे. तो मोडण्याची सवय लागली की दिवे असून नसल्यासारखे होतात.

भूपृष्ठ रडार : मनोऱ्याच्या माथ्यावरील हे रडार सु. ३ सेंमी. किंवा त्याहून लहान तरंगलांबीचे स्पंद वापरते व सेकंदाला सु. एक फेरा पूर्ण करते [⟶ रडार]. वस्तूकडून परावर्तन आले की झाले, तिच्याजवळ कोणतेही उपकरण असावे लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. जोरदार पावसात मात्र थेंबांपासून होणाऱ्या परावर्तनाने पडदा भरून जातो, इमारतींमागील भाग झाकला जातो आणि दिसणारा ठिपका कोणाचा हे कळत नाही. पावसाळ्यात ही उणीव आपल्याकडे विशेष जाणवावी अशी आहे.

बहुस्थान मापन : ठिपक्याला नाव देण्याचे काम विमानातील प्रतिसादकाच्या साहाय्याने होते. हे उपकरण १,०९० मेगॅहर्ट्झ कंप्रतेवर विमानाची ओळख असलेले संदेश प्रेषित करते. विमानतळाभोवती ठिकठिकाणी बसवलेल्या ग्राहींपर्यंत तोच संदेश निरनिराळ्या क्षणी पोहोचतो. दोन ग्राहींवरील आगमनकालांत जो फरक पडतो, त्यावरून विमान एका अपास्तावर कोठेतरी असले पाहिजे असे ठरते. आणखी ग्राहींमुळे आणखी अपास्त मिळतात व त्यांच्या छेदनबिंदूवर विमानाचे स्थान येते. रेडिओतरंग एका मायक्रोसेकंदात सु. ३०० मी. जातात. म्हणजे स्थान ३ मी.पर्यंत अचूक हवे असेल, तर ग्राहींची घड्याळे सेकंदाच्या दहा कोट्यांशापर्यंत जुळलेली असावी लागतात. याशिवाय विमान उपग्रहांवरून काढलेले आपले स्थान स्वतःच सतत प्रक्षेपित करील, अशीही योजना आता सर्वत्र रूढ होत आहे. रडार, बहुस्थान मापन व हे स्वयंप्रक्षेपण यांची माहिती एकत्र करणाऱ्या यंत्रणेस प्रगत भूपृष्ठ-संचलन मार्गदर्शन व नियंत्रण यंत्रणा म्हणतात. दिल्ली व मुंबई येथे ती वापरात आहे.

इशारा कोणाला? : एकत्रित माहितीवरून संगणक दोन वस्तूंचे मार्ग पुढे वाढवून पाहतो व धोका दिसल्यास इशारा देतो. येथे दोन अडचणी येतात. पहिली खोट्या इशाऱ्यांची. ८ ऑक्टोबर २००१ रोजी मिलान येथील लिनाते विमानतळावर धुक्यात एक लहान सेसना विमान चुकीच्या टॅक्सीमार्गाने धावपट्टीवर आले. उड्डाण करणाऱ्या एमडी-८७ विमानाशी त्याची टक्कर होऊन ११८ लोक दगावले. तेथील जुने भूपृष्ठ रडार काढून टाकले होते व नवे अजून सुरू झालेले नव्हते. अतिक्रमण ओळखणारे संवेदक त्या मार्गावर होते, परंतु वाहने व प्राणी यांच्यामुळे ते वारंवार वाजत, म्हणून बंद करण्यात आले होते. दुसरी अडचण इशारा पोहोचण्याची. २ जानेवारी २०२४ रोजी टोकिओच्या हानेदा विमानतळावर तटरक्षक दलाचे विमान सु. ४० सेकंद धावपट्टीवर उभे होते. नियंत्रकाच्या पडद्यावर त्याचा रंगीत संकेत उमटला. त्यास आवाजाची जोड नव्हती व तो लक्षात आला नाही. उतरणाऱ्या जपान एअरलाइन्सच्या विमानातील सर्व ३७९ जण बाहेर पडू शकले, पण तटरक्षक विमानातील सहांपैकी पाचजण मरण पावले.

म्हणून इशारा नियंत्रकाला वळसा घालून थेट वैमानिकापर्यंत नेण्याकडे संशोधनाचा कल आहे. मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेच्या लिंकन प्रयोगशाळेने विकसित केलेल्या धावपट्टी-स्थितिदर्शक दिव्यांची चाचणी २००५ मध्ये डॅलस-फोर्ट वर्थ येथे सुरू झाली. पुढे अमेरिकेतील २० विमानतळांवर ते बसवण्यात आले. धावपट्टीवर विमान वेगात येत असेल, तर टॅक्सीमार्गाच्या तोंडाशी तांबडे दिवे आपोआप पेटतात. धावपट्टीवर पुढे अडथळा असेल, तर उड्डाणासाठी उभ्या असलेल्या विमानासमोरही तसेच दिवे पेटतात. नियंत्रकाला काहीच करावे लागत नाही. दिवे विझलेले असणे म्हणजे मात्र परवानगी नव्हे. विमानातही असे साहाय्य मिळते. उपग्रहीय स्थान व विमानतळाचा नकाशा यांची सांगड घालून ‘आपण अमुक धावपट्टीजवळ येत आहात’ असे बोलून सांगणारे उपकरण २००३ पासून उपलब्ध आहे. ते स्वतःचे स्थान सांगते, दुसऱ्याचे नाही. इतर विमानांचे स्वयंप्रक्षेपण ऐकून धावपट्टी व्यापलेली असल्याचा इशारा देणारी पुढील पिढीची उपकरणे विकसित होत आहेत.

उपकरणाविना माणूस व वाहन : वरील बहुतेक साधनांचा पाया प्रतिसादक हा आहे आणि लोहगावच्या जीपसारख्या प्रसंगात नेमका तोच नसण्याची शक्यता असते. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी पेरूतील लिमा येथे सरावासाठी निघालेले अग्निशामक वाहन परवानगीविना धावपट्टीवर आले व उड्डाण करणारे एअरबस ए-३२० त्यावर आदळले. विमानातील सर्वजण वाचले, वाहनातील दोन अग्निशामक तत्काळ मरण पावले. वाहनाच्या टपावर लहान प्रेषक बसवून त्याचे स्थान प्रक्षेपित करणे हा सर्वांत स्वस्त उपाय असून विमानतळाच्या आवारात फिरणाऱ्या प्रत्येक वाहनास तो सक्तीचा करणे अशक्य नाही. पायी चालणाऱ्याला हे लागू पडत नाही. त्याच्यासाठी मिलिमीटर तरंगलांबीची रडारे, अवरक्त किरणांनी पाहणारे कॅमेरे व चित्रातील आकार ओळखणारे संगणक उपयोगी आहेत. यांपैकी काही साधने मुळात धावपट्टीवर पडलेले धातूचे तुकडे शोधण्यासाठी तयार झाली. २००० मध्ये पॅरिसजवळ अशाच तुकड्यामुळे कॉन्कॉर्ड विमान कोसळले होते. प्राणी अतिक्रमणाच्या व्याख्येत बसत नसले, तरी साधने त्यांनाही तीच लागतात : नोव्हेंबर २०२३ मध्ये गोव्यातील दाबोळी येथे धावपट्टीवर कुत्रे दिसल्याने बंगळुरूहून आलेले विमान न उतरताच परत गेले आणि २०२५ मध्ये लोहगावच्या आवारात बिबट्या वावरत होता.

लष्करी-नागरी संयुक्त विमानतळांची अडचण आणखी वेगळी आहे. दाबोळी नौदलाकडे, लोहगाव हवाई दलाकडे. एकाच पट्टीवर लढाऊ विमाने, प्रवासी विमाने आणि दोन निराळ्या संस्थांची वाहने व कर्मचारी वावरतात. लष्करी विमाने नागरी विमानांहून वेगळ्या कंप्रताही वापरतात; तेव्हा एकाला दिलेली परवानगी दुसऱ्याच्या कानी पडतेच असे नाही. आपले स्थान सर्वांना ऐकू जाईल अशा रीतीने सतत प्रक्षेपित करणे हे लष्करी विमानांच्या बाबतीत नेहमीच इष्ट नसते. अशा ठिकाणी वस्तूच्या सहकार्यावर विसंबून नसलेली साधने, म्हणजे भूपृष्ठ रडार, कॅमेरे आणि थांबण्याच्या रेषेवरील संवेदक, यांना नागरी विमानतळांपेक्षा अधिक महत्त्व द्यावे लागते. लोहगावची धावपट्टी पुनर्पृष्ठीकरणासाठी ऑक्टोबर २०२० पासून वर्षभर रात्री आणि १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ या काळात पूर्णपणे बंद होती. जमिनीत दिवे व संवेदक बसवणे अशा बंद काळातच सुलभ असते. एकच मुख्य धावपट्टी असलेल्या विमानतळावर तो वारंवार मिळत नाही.