बुमराह पहिल्या फेरीत घ्यायचा का?

"भौ, बुमराह मले पायजे. बाकी कोणी बी घ्या!" खामगावच्या एका होस्टेलवर आयपीएलच्या आधी ड्राफ्ट बसतो, तेव्हा भांडण इथूनच सुरू होतं. आठ पोरं, एक वही, चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नंबर. एक बॉलर एकाच टीमचा. पहिल्या फेरीत शेवटी असलेला दुसऱ्या फेरीत पहिला निवडतो. पैसे शून्य. सीझन संपल्यावर जो तळाला, त्याने कॉलेजला सुट्ट्या लागेपर्यंत सगळ्यांच्या कूलरमध्ये पाणी भरायचं. खामगावचा मे महिना ज्याने काढलाय, त्याला ही शिक्षा किती मोठी ते सांगायला नको.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या फॅन्टसी अ‍ॅप्सचा धंदा बंद झाला. बरंच झालं. पॉकेटमनी आणि मेसचे पैसे त्यात घालवलेली पोरं प्रत्येक वर्गात होती. पण माझ्या मते त्या अ‍ॅपवरचा खेळ तसाही अर्धवटच होता. तिथे बुमराह लाखो लोकांच्या टीममध्ये एकाच वेळी असायचा, म्हणजे त्याला घेऊन तुम्ही वेगळं काय केलं? ड्राफ्टमध्ये तो एकालाच मिळतो. म्हणून बॉलर्सची क्रमवारी लावायला खरं डोकं लागतं.

हा खेळ मूळचा बेसबॉलचा. १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट नावाच्या पत्रकाराने मित्रांना घेऊन न्यूयॉर्कमध्ये पहिली अशी लीग चालवली. तिथे सगळ्यात मोठा वाद पिचरवरून होतो, त्यातही सामना सुरू करणाऱ्या पिचरवरून. आपल्याकडे नवा बॉल हातात घेणारा असतो, तसाच तो. नवखा माणूस पिचरने किती सामने जिंकले ते बघतो आणि फसतो. २०१८ मध्ये जेकब डिग्रॉमच्या नावावर फक्त १० विजय होते, कारण त्याच्या टीमचे बॅटर त्याला धावाच काढून देत नव्हते. पण त्याने नऊ इनिंगमागे सरासरी १.७० धावा दिल्या, आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्यालाच मिळाला.

आपल्याकडे तोच घोळ पर्पल कॅपचा. २०२४ मध्ये कॅप हर्षल पटेलकडे गेली, १४ सामन्यांत २४ विकेट. बुमराहच्या १३ सामन्यांत २०. वहीत विकेटचा एकच कॉलम असेल तर हर्षल वर. आता इकॉनॉमी बघा. हर्षलची ९.७३, बुमराहची ६.४८. चार ओव्हर धरल्या तर एका सामन्यात १३ धावांचा फरक! हर्षल वाईट बॉलर आहे असं नाही. शेवटच्या ओव्हरमध्ये बॅटर डोळे मिटून फिरवतात, तेव्हा विकेटही पडतात आणि सिक्सही जातात. म्हणून आधी तुमच्या वहीतले नियम वाचा. नुसत्या विकेटला पॉइंट असतील तर डेथ ओव्हर टाकणारा वर ठेवा. धावा रोखण्यालाही पॉइंट असतील तर यादी उलटीपालटी होते. नियम न वाचता यादी बनवणारा बहुतेक कूलरकडेच जातो.

मग बुमराह पहिल्या फेरीत? माझं उत्तर हो, कारण दोन्ही कॉलममध्ये वर असणारा दुसरा माणूस शोधायला फार खाली जावं लागतं. चांगले विकेट घेणारे चौथ्या फेरीतही मिळतात, धावा न देता विकेट घेणारे मिळत नाहीत. फक्त पाठ सांभाळा, त्याची! जानेवारी २०२५ मध्ये सिडनी टेस्टमध्ये तो पाठ धरून बाहेर गेला आणि त्या आयपीएलचे पहिले चार सामने मुकला. आल्यावर १२ सामन्यांत १८ विकेट घेतल्या, पण त्या चार सामन्यांचे पॉइंट ज्याचे गेले त्याला विचारा. डिग्रॉमचंही तेच झालं. २०२३ मध्ये कोपराचं ऑपरेशन झालं आणि त्याला पहिल्या फेरीत घेणारे हात चोळत बसले. बुमराह घेतलात तर पुढच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक सामना खेळणारा, थोडा कंटाळवाणा का होईना, असा एक बॉलर घ्याच.

रणजीचा ड्राफ्ट कोणी करत नाही, पण विदर्भवाल्यांनी करायला हरकत नाही. २०१७ च्या डिसेंबरमध्ये अकोल्याच्या आदित्य ठाकरेने (दचकू नका, हा बॉलर आहे) थेट रणजी फायनलमध्येच पदार्पण केलं आणि विदर्भ पहिल्यांदा चॅम्पियन झाला. असा बॉलर कुठल्याच यादीत सापडला नसता. आणि २०२४-२५ मध्ये डावखुरा स्पिनर हर्ष दुबेने ६९ विकेट काढल्या, एका रणजी सीझनमधल्या आजवरच्या सर्वाधिक. वर बॅटिंगचे पॉइंट वेगळेच.

त्याच हर्षला आयपीएल २०२५ च्या सुरुवातीला कोणत्याच टीमने घेतलेलं नव्हतं. सीझन संपत आल्यावर हैदराबादने बदली खेळाडू म्हणून बोलावलं. शेवटच्या फेरीत असाच एक घ्या. बेंचवर बसून राहिला तर तुमची शेवटची चिठ्ठी गेली, बाकी काही नाही.