जुबिली लाइनवरची हॉकी

परवा मंडळाच्या कार्यक्रमाहून परतताना डॉलिस हिल स्टेशनवर गाडीची वाट बघत उभे होतो. आमच्या नातीनं भिंतीवरच्या नकाशातल्या करड्या रेषेवर बोट ठेवलं आणि विचारलं, "आजोबा, तुम्ही नेहमी सांगता ते हॉकीचं स्टेशन यातलं कुठलं?"

मी म्हटलं, "एक नाही गं बाई, तीन आहेत."

मंडळी, तुम्हीही कधी हा नकाशा या नजरेनं बघा. वेंब्ली पार्कला आपण जिंकलो. तिथून नीस्डन, डॉलिस हिल आणि मग विल्सडन ग्रीन, म्हणजे अवघी तीन स्टेशनं. तिथे आपण शेवटून पहिले आलो. आणि लाइन जिथे संपते त्या स्ट्रॅटफर्डला दोन्ही पाहिलं. भारतीय हॉकीचा पाऊणशे वर्षांचा चढउतार आपल्या रोजच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर घडून गेला आहे. आमच्या घरातली एक जुनी गोष्टही त्याच वाटेवरची आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

वेंब्ली पार्क, १९४८

मी काही तेव्हा इथे नव्हतो. पण आमच्या ओळखीतले एक काका होते, आता ते हयात नाहीत. ते त्या वेळी लंडनला शिकायला आले होते आणि १२ ऑगस्ट १९४८ ला ऑलिंपिकचा अंतिम सामना त्यांनी वेंब्लीच्या स्टँडमध्ये बसून पाहिला. समोर कोण, तर ग्रेट ब्रिटन!

या सामन्याचं महत्त्व कळायला थोडं मागं जावं लागेल. ग्रेट ब्रिटननं १९०८ आणि १९२० ची ऑलिंपिक हॉकी जिंकली होती. त्यानंतर हिंदुस्थाननं ॲमस्टरडॅम, लॉस एंजेलिस आणि बर्लिन अशी लागोपाठ तीन सुवर्णपदकं मिळवली, पण त्या तिन्ही वेळा ब्रिटिशांनी हॉकीचा संघ उतरवलाच नाही. आपल्याच वसाहतीकडून हरायची धास्ती होती, असं आपले लोक म्हणत आले. ते काही असो, ऑलिंपिकमध्ये दोघांची गाठ पडली ती थेट १९४८ साली, त्यांच्या घरी, आणि स्वातंत्र्याचा पहिला वाढदिवस तीन दिवसांवर असताना.

पावसानं मैदान जड झालं होतं. आपली हॉकी मनगटाची, छोट्या पासांची. चिखलात ती अडणार असंच कुणालाही वाटलं असतं. पण बलबीर सिंगनं पहिल्या अर्ध्या वेळातच दोन गोल केले, मग त्रिलोचन सिंग आणि पॅट जॅन्सन यांनी एकेक. ४-०! कप्तान किशनलाल. गोलात लिओ पिंटो. त्या संघात पिंटो, मॅक्सी वाझ, वॉल्टर डिसूझा अशी मुंबईच्या मैदानांवर खेळलेली मंडळीही होती, हे आपण मराठी माणसांनी विसरू नये. स्वतंत्र भारताचं ते पहिलं ऑलिंपिक सुवर्णपदक.

विल्सडन ग्रीन, १९८६

मी मूळचा खडकीचा. तिथे लष्करामुळे आणि कारखान्यांमुळे हॉकी गल्लीबोळात. धनराज पिल्लेही आमच्या खडकीचाच, पण तो बराच नंतरचा. मी १९७४ ला इथे आलो. पुढच्याच मार्चमध्ये क्वालालंपूरला अजितपाल सिंगच्या संघानं पाकिस्तानला २-१ असं हरवून विश्वचषक जिंकला, आणि आमच्या नानांचं निळं एअरलेटर आलं. एरवी ते तब्येत, पाऊस आणि धान्याचे भाव लिहीत. त्या पत्रात वरच्या ओळीत एवढंच होतं : आपण जगात पहिले आलो.

ते पत्र मी जपून ठेवलं होतं. आमच्या चिरंजीवांना शाळेत हॉकीची गोडी लागली तेव्हा ते त्याला दाखवलं. "हा आपला खेळ आहे बरं का. जगात पहिले आपण," असं मी त्याला इतक्यांदा सांगितलं की सौ. म्हणायची, "अहो, पुरे आता, पोराला पाठ झालं." माझ्या मनात दुसराही हिशेब होता. मुलगा मराठीतून उत्तरं द्यायचा बंद झाला होता. म्हटलं, भाषेनं नाही तर हॉकीनं तरी धरून ठेवू.

अशात ऑक्टोबर १९८६ मध्ये विश्वचषक चक्क विल्सडनला आला. बारा देश. मी, दहा वर्षांचा मुलगा आणि वर सांगितलेले काका, डबे घेऊन निघालो. आपल्या संघात महंमद शाहिद होता. त्याचं ड्रिब्लिंग बघायला कुठूनही यावं! पण सामन्यामागून सामने गेले आणि आमचे चेहरे उतरत गेले. अखेर उरली ती अकराव्या-बाराव्या जागेची लढत, आणि तिच्यात कोण, तर भारत आणि पाकिस्तान! तोवरच्या पाच विश्वचषकांपैकी चार या दोघांनी जिंकलेले. पाकिस्तान तर तेव्हाचा विश्वविजेता आणि ऑलिंपिकविजेताही. पाकिस्ताननं तो सामना जिंकला. आपण बारावे. बारांत बारावे.

का झालं हे? उत्तर पायाखाली होतं. १९८२ चा मुंबईचा विश्वचषक गवतावर झाला. विल्सडनचा पहिलाच कृत्रिम मैदानावर. गवतावर चेंडू उसळतो, अडखळतो. तिथे ज्याच्या मनगटात कला तो राजा. कृत्रिम मैदानावर चेंडू सपाट आणि सुसाट जातो. मग लांब फटका, सतत धाव आणि घोटून बसवलेले पेनल्टी कॉर्नर यांची चलती. युरोपात आणि ऑस्ट्रेलियात अशी मैदानं भराभर झाली. आपल्याकडे ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, खर्च अफाट. पोरं मातीत शिकायची आणि देशासाठी खेळायची वेळ आली की परक्या जमिनीवर उभी राहायची. इशारा १९७६ लाच मिळाला होता. माँट्रियलला ऑलिंपिक हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर झाली आणि आपण सातवे आलो. मॉस्कोचं १९८० चं सुवर्ण मिळालं, पण बरेच बलाढ्य देश तिथे आलेच नव्हते. दहा वर्षं हातात होती, ती आपण घालवली. सगळा दोष मैदानाला देऊन आपण मोकळे झालो, हेही खरंच.

पण दहा वर्षांच्या मुलाला हे कुठून सांगणार? स्टेशनकडे चालताना त्यानं विचारलं, "बाबा, तुम्ही म्हणाला होतात आपण पहिले आहोत." मी गप्प. मग त्यानं काकांना विचारलं, "वेंब्लीला तुम्ही खूप ओरडलात?"

काका म्हणाले, "ओरडतोय कसला! भोवती सगळे इंग्रज. सामना संपला तेव्हा ते उठून टाळ्या वाजवत होते आणि मी रडत होतो. बाळ, हरल्यावर टाळ्या वाजवणं मी तिथे शिकलो. आज मात्र जमलं नाही बघ."

त्या रविवारी, १९ ऑक्टोबरला, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांचा अंतिम सामना होता. मुलगा शाळेच्या संघाबरोबर गेला. ऑस्ट्रेलियानं २-१ नं जिंकला. तो घरी आला तो इंग्लंडचा झेंडा घेऊन, घसा बसलेला. मी नको ते बोललो. "दोन दिवसांत देश बदललास?" असं काहीतरी. तो वर खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. सौ. म्हणाली, "हरले म्हणून संघ सोडला नाहीये त्यानं. त्याचे मित्र तिथे होते, एवढंच." मला ते कळायला फार वर्षं लागली.

नानांना मी कळवलं, आपण शेवटचे आलो म्हणून. त्यांचं उत्तर आलं त्यात पाऊस होता, धान्याचे भाव होते. हॉकीबद्दल अक्षर नव्हतं.

दोन वर्षांनी सोलला ग्रेट ब्रिटननं सुवर्णपदक जिंकलं. त्या संघात जालंधरला जन्मलेला कुलबीर भौरा होता आणि अंतिम सामन्यात दोन गोल करणारा इम्रान शेरवानी होता. मुलानं नावं वाचून दाखवली आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. १९९० साली नॉर्मन टेबिट यांनी बाहेरून आलेल्यांना विचारलं की क्रिकेटमध्ये तुम्ही कुणाच्या बाजूनं ओरडता, तेव्हा आपल्या मंडळींत संतापाची लाट उसळली. मीही चिडलो. पण मनात आलं, हाच प्रश्न मी चार वर्षांपूर्वी स्वतःच्या पोराला विचारला होता.

स्ट्रॅटफर्ड, २०१२ आणि २०१६

त्यानंतर आमच्या घरात हॉकीचा विषय निघेनासा झाला. तिकडे भारतीय हॉकीही खालीच चालली होती. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला तर आपण पात्रच ठरलो नाही. २०१२ ला ऑलिंपिक लंडनला आलं आणि एके दिवशी मुलाचा फोन आला, "बाबा, भारताच्या मॅचची दोन तिकिटं काढलीयत." निळं मैदान, भोवती गुलाबी पट्टा, अगदी खेळण्यासारखं. भारत सगळे सामने हरला आणि पुन्हा बारांत बारावा. परतताना मीच म्हटलं, "विल्सडनला तू विचारलं होतंस..." तो म्हणाला, "बाबा, मी हरल्याबद्दल विचारत नव्हतो. आपण म्हणजे कोण, ते विचारत होतो."

गाडीत मग आम्ही बराच वेळ बोललो. मराठीत, हे मुद्दाम नमूद करतो.

२०१६ च्या जूनमध्ये त्याच परिसरात चॅम्पियन्स ट्रॉफी झाली. श्रीजेश कप्तान. अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाशी ०-० अशी बरोबरी आणि शूटआउटमध्ये हार. रौप्यपदक, त्या स्पर्धेतलं तोवरचं आपलं सर्वांत मोठं यश. आता भारतात कृत्रिम मैदानं होती, ओडिशा सरकार लवकरच संघाच्या पाठीशी उभं राहणार होतं. २०२१ ला टोकियोत कांस्य मिळालं, एकेचाळीस वर्षांनी ऑलिंपिक पदक. नानांना कळवायला हवं होतं असं फार वाटलं.

आणि आमचा दिवाणखाना, २०२४

४ ऑगस्ट २०२४, रविवार सकाळ. पॅरिस ऑलिंपिकची उपउपांत्य फेरी : भारत विरुद्ध ग्रेट ब्रिटन. सौ.नं पोहे केले होते. नात शाळेत हॉकी खेळते. ब्रिटनच्या मुलींनी २०१६ ला रिओत सुवर्ण जिंकल्यापासून इथल्या मुलींत हॉकीची हौस वाढली आहे, त्यातलीच ती. ग्रेट ब्रिटनचा शर्ट घालून सोफ्यावर बसली. मुलानं माझ्याकडे हळूच पाहिलं. मी म्हटलं, "पोह्यांवर लिंबू कुणाला हवंय?"

सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड. उरलेला सगळा सामना दहा जणांनी खेळायचा! तरी हरमनप्रीतनं गोल केला. ली मॉर्टननं फेडला. मग ब्रिटनचे हल्ले आणि श्रीजेश. छत्तीस वर्षांचा, शेवटची स्पर्धा खेळणारा तो माणूस भिंतीसारखा उभा राहिला. १-१. शूटआउट ४-२, भारत जिंकला. मी आणि मुलगा उभे राहून ओरडत होतो. भान आलं तेव्हा नातीकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं तिच्या, आणि ती टाळ्या वाजवत होती.

काकांची आठवण झाली.

दुपारी बागेत तिनं गोलकीपरची जागा घेतली आणि बापाला चेंडू मारायला लावले. "मी श्रीजेश," म्हणाली, शर्ट तोच. चार दिवसांनी भारतानं स्पेनला हरवून कांस्य घेतलं, ते तिनं माझ्या मांडीला मांडी लावून बघितलं.

तर परवा डॉलिस हिलला हे सगळं तिला सांगितलं. गाडी आली. बसल्यावर ती म्हणाली, "आजोबा, पुन्हा लंडनला स्पर्धा आली की आपण तिघं जाऊ. शर्ट कुठला घालायचा ते मी तेव्हा ठरवीन."

"चालेल," मी म्हटलं. "डबे मी आणीन."