ढोलींतला कोळी आणि काचेची पेटी

सह्याद्रीच्या पश्चिम अंगास, पालघर जिल्ह्यांत, जव्हार आणि मोखाडा हे डोंगराळ तालुके आहेत. साग, ऐन, मोह यांचीं रानें आणि मुबलक पाऊस यांमुळें शहरांतील पुष्कळ कुटुंबें तेथें सहलीस जातात. अशा रानांत एखाद्या मुलास हाताच्या पंजाएवढा केसाळ कोळी दिसला, तर तो डब्यांत घालून घरीं न्यावा आणि काचेच्या पेटींत पाळावा, असें त्याला वाटणें स्वाभाविक आहे. परंतु त्या प्राण्याला काय हवें असतें, हें आधीं पाहिलें पाहिजे.

या कोळ्यांना टॅरंटुला म्हणतात. हें नांव इटलींतील टॅरंटो या नगरावरून पडलें. प्रथम तें एका निराळ्याच कोळ्याचें होतें. आज या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कोळ्यांच्या हजाराहून अधिक जाती आहेत. कांहीं जमिनींत बीळ करतात, कांहीं झाडांच्या ढोलींत राहतात. रेजिनाल्ड पोकॉक या शास्त्रज्ञानें १८९९ मध्यें वर्णन केलेला 'पोइसिलोथेरिया रेगॅलिस' हा भारतीय कोळी ढोलींत राहणारा. त्याचें अंग चपटें असल्यामुळें तो सालीच्या फटींत सहज शिरतो.

या प्राण्यांचें वर्तन उपजत असतें. अंड्यांतून निघालेल्या पिलास रेशीम कसें काढावें, हें कोणी शिकवीत नाहीं. दिवसा तो आंत दडतो, रात्रीं ढोलीच्या तोंडाशीं येऊन बसतो. डोळे आठ असले तरी दृष्टि अधू. भक्ष्य जवळ आलेलें त्याला पायांवरील केसांना जाणवणाऱ्या कंपांवरून कळतें.

पोपटाला खेळणें दिलें कीं तो रमतो. कोळ्याचें तसें नाहीं. त्याची उपजत वृत्ति जेथें चालू शकेल, तीच जागा त्याचें सुख. बीळ करणाऱ्यास खोल माती हवी, ढोलींत राहणाऱ्यास उभी साल आणि अंधारा आडोसा हवा. दोघांनाही पाणी हवें. बीळ करणाऱ्यास उंच पेटींत ठेवलें, तर थोड्या उंचीवरून पडूनही त्याचें नाजूक पोट फुटतें. कित्येक दिवस तो हालला नाहीं म्हणून कंटाळला असें नव्हे. वाट पाहणें हाच त्याचा उद्योग. कात टाकतांना तो उताणा पडतो. त्या वेळीं मेला समजून त्याला हात लावणें घातक ठरतें. शिवाय त्याला माणसाचा लळा लागत नाहीं. हातावर घेणें त्याच्या दृष्टीनें संकटच; आणि 'पोइसिलोथेरिया' चावला, तर स्नायूंना तीव्र पेटके येतात.

मादी कित्येक वर्षांनीं वयांत येते आणि पुष्कळ वर्षें जगते. नर वयांत आल्यावर लवकरच मरतो. म्हणून एक मादी उचलून नेली, तर तिच्या पुढील सर्व पिलांचा वंश त्या झाडावरून नाहींसा होतो. परदेशांत हे कोळी हौसेनें विकले जात असल्यामुळें २०१९ मध्यें 'पोइसिलोथेरिया' वंशाचें नांव वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या कराराच्या यादींत आलें. भारतानेंही २०२२ मध्यें आपला वन्यजीव कायदा सुधारून त्या यादींतील प्राण्यांना त्यांत स्थान दिलें.

तेव्हां रानांत असा कोळी दिसलाच, तर मुलानें थोडें दूर उभें राहून त्याच्याकडे पाहावें. काचेच्या पेटींत माती भरतां येते, सालही ठेवतां येते; पण जुन्या झाडाची ढोल आणि तिच्या भोंवतालची रात्र पेटींत आणतां येत नाहीं.