घरच्या घरी अंडी उबवणी : पहिल्या खेपेला पाण्याकडे लक्ष द्या

भिवंडी तालुक्यातील काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ या पट्ट्यात भातखाचरांच्या जागी गोदामे उभी राहिली. शेती आक्रसली, पण परसातली कोंबडी अजून टिकून आहे. गावठी कोंबडी आणि गावठी अंडी यांना ठाणे-भिवंडीच्या बाजारात मागणी आहे आणि भावही चांगला मिळतो. मात्र खुडूक कोंबडी वेळेवर मिळेलच असे नाही आणि मिळाली तरी तिच्याखाली एका वेळी दहा-बाराच अंडी बसतात. म्हणून अनेक शेतकरी बंधू-भगिनी आता पन्नास-साठ अंड्यांचे लहान विजेवरचे उबवणी यंत्र विकत घेतात.

पहिली खेप बहुधा पावसाळ्याच्या तोंडाशी लावली जाते. यंत्रासोबतच्या पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे तापमान ठेवले जाते, पाण्याचे खण काठोकाठ भरले जातात. एकविसावा दिवस उजाडतो, पण चार-पाच पिल्लेच बाहेर येतात. उरलेली अंडी फोडून पाहिली तर आत पूर्ण वाढलेले, पण ओलेचिंब आणि फुगलेले मेलेले पिल्लू दिसते. "यंत्रच खराब निघाले" असे म्हणून ते माळ्यावर टाकले जाते. पुष्कळ वेळा दोष यंत्राचा नसतो, पाण्याचा असतो. कोकणातील हवेत यंत्रात पाणी किती ठेवावे हे समजून घेतले तर हे नुकसान टाळता येते.

अंड्यातून पाणी का उडावे लागते?

अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून गर्भाला प्राणवायू मिळतो आणि अंड्यातील पाण्याची वाफ बाहेर जाते. जेवढे पाणी उडते तेवढी अंड्याच्या रुंद टोकाकडील हवेची पोकळी वाढते. विसाव्या दिवशी पिल्लू चोचीने आधी या पोकळीचा पडदा फोडते, आपला पहिला श्वास तेथे घेते आणि मग कवच टोचते. पाणी कमी उडाले तर पोकळी लहान राहते आणि पिल्लू आतच गुदमरते. पाणी जास्त उडाले तर पिल्लू अशक्त होते आणि आतला पडदा वाळून त्याच्या अंगाला चिकटतो. पहिल्या १८ दिवसांत अंड्याचे वजन ११ ते १३ टक्के कमी होणे योग्य मानले जाते.

आता आपल्याकडील हवेचा विचार करू. गरम हवेत जास्त बाष्प मावते. त्यामुळे तीच हवा तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता घटते. आषाढात खोलीतील हवा २८ अंश सेल्सिअस आणि ८५ टक्के आर्द्रतेची असेल, तर यंत्रात ३७.७ अंशांपर्यंत तापल्यावर तिची आर्द्रता पाणी न ठेवताही सुमारे ५० टक्के राहते. पहिल्या १८ दिवसांसाठी साधारण ५० ते ५५ टक्के पुरेशी असते. म्हणजे भर पावसात एखादी लहान वाटी पाणी पुरते, कधी तेही लागत नाही. याउलट जानेवारीत खोलीतील हवा २० अंश आणि ६५ टक्के असेल, तर यंत्रात ती २३ टक्क्यांच्या आसपास येते. त्या वेळी पाण्याचे खण भरावेच लागतात. पुस्तिकेतील एकच सूचना दोन्ही ऋतूंना लागू पडत नाही, ती यामुळे.

वजनकाटा हाच खरा मार्गदर्शक

लहान यंत्रावरील आर्द्रतामापक अनेकदा चुकीचा आकडा दाखवतो. तो वेगळा काढता येत असेल तर असा तपासावा : बाटलीच्या झाकणात खाण्याचे मीठ घेऊन ते पाण्याने ओलसर करावे, पातळ करू नये. झाकण व आर्द्रतामापक घट्ट बंद होणाऱ्या डब्यात रात्रभर ठेवावे. सकाळी आकडा ७५ आला पाहिजे. ७० आला तर मापक पाच टक्के कमी दाखवतो, असे समजावे.

याहून भरवशाची रीत म्हणजे अंडी वजन करणे. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातील लहान काटा पुरतो. अंडी ठेवताना प्रत्येकाचे वजन पेन्सिलीने कवचावर लिहावे. समजा, वीस गावठी अंड्यांचे एकूण वजन ९०० ग्रॅम भरले. १८ दिवसांत १२ टक्के, म्हणजे १०८ ग्रॅम घट हवी. रोजची घट सरासरी ६ ग्रॅम होते. त्याप्रमाणे सातव्या दिवशी वजन सुमारे ८५८ ग्रॅम, चौदाव्या दिवशी ८१६ ग्रॅम आणि अठराव्या दिवशी ७९२ ग्रॅम भरले पाहिजे. सातव्या दिवशी वजन ८७५ ग्रॅम असेल तर घट कमी आहे. अशा वेळी पाणी कमी करावे आणि हवेची भोके अधिक उघडावीत. वजन ८४० ग्रॅम असेल तर पाण्याचा पृष्ठभाग वाढवावा. येथे पाण्याची खोली महत्त्वाची नसून त्याचा पसारा महत्त्वाचा आहे. खोल पेल्यापेक्षा पसरट ताटली जास्त ओलावा देते.

वांझ अंडे काढून टाकले तर त्याच्यावर लिहिलेले मूळ वजन एकूण वजनातून वजा करून पुढचा हिशेब मांडावा.

अंड्यांची निवड

१. दुकानातील फार्मची अंडी उबवू नयेत. तेथे माद्यांबरोबर नर ठेवत नाहीत, त्यामुळे अंडी निर्बीज असतात. उबवणीची अंडी घ्यायची त्या कळपात आठ ते दहा माद्यांमागे एक निरोगी नर असावा.

२. गिरीराज, वनराज यांसारखे सुधारित पक्षी संकरातून तयार केलेले आहेत. त्यांची अंडी घरी उबवून मिळणाऱ्या पिल्लांत मूळ पक्ष्याचे गुण तसेच उतरत नाहीत. पहिल्या खेपेसाठी आपली गावठी अंडी उत्तम.

३. मध्यम आकाराची, स्वच्छ, न तडकलेली अंडी घ्यावीत. घाण लागलेले अंडे धुऊ नये. धुतल्याने कवचावरील संरक्षक थर जातो आणि जंतू आत शिरतात.

४. अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नसावीत. साधारण २१ अंशांच्या वर गर्भाची वाढ हळूहळू सुरू होते, म्हणून उन्हाळ्यात घरात ठेवलेली अंडी तीन-चार दिवसांतच यंत्रात घालावीत. तोवर ती निमुळते टोक खाली करून माठात ठेवावीत आणि माठ ओल्या वाळूवर ठेवावा. अंड्यांना मात्र ओल लागू देऊ नये. घरातील फ्रीज फार थंड पडतो.

५. अनोळखी ठिकाणाहून अंडी आणू नयेत. पुलोरमसारखे काही रोग अंड्यातूनच पिल्लात येतात. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशात प्रथम पक्ष्यांत बर्ड फ्लू आढळला. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे आढळला. कोंबड्यांत मरतूक चालू असलेल्या गावातून अंडी किंवा अंड्यांचे ट्रे आणणे म्हणजे रोग विकत घेणे होय. पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे पुणे, कोल्हापूर, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. लांबून आणलेली अंडी यंत्रात घालण्यापूर्वी निमुळते टोक खाली करून एक दिवस स्थिर ठेवावीत.

एकवीस दिवसांची कामे

अंडी ठेवण्याआधी यंत्र एक दिवस रिकामे चालवून पाहावे. ते ऊन, वारा लागणार नाही अशा खोलीत ठेवावे. पत्र्याच्या छपराखाली दिवसरात्रीच्या तापमानात फार फरक पडतो, तेथे ठेवू नये.

तापमान : पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ ते ३७.७ अंश सेल्सिअस ठेवावे. पंखा नसल्यास अंड्यांच्या वरच्या पातळीवर ३८.५ ते ३९ अंश ठेवावे. यंत्राच्या आकड्यावर विसंबू नये. ताप मोजण्याचा डिजिटल तापमापक अंड्यांशेजारी ठेवून पडताळा घ्यावा.

फिरवणे : खुडूक कोंबडी आपली अंडी दिवसातून अनेकदा उलटते. हे केले नाही तर गर्भ कवचाला चिकटतो. अंड्याच्या एका बाजूस फुली व दुसऱ्या बाजूस गोल काढावा आणि दिवसातून तीन किंवा पाच वेळा अंडी उलटावीत. वेळा विषम ठेवल्याने रात्रीची लांब वेळ रोज एकाच बाजूवर जात नाही. यंत्र आपोआप फिरवत असेल तरी ते खरोखर फिरते का हे खुणांवरून पाहावे.

तपासणी : सातव्या दिवशी अंधारात बॅटरीच्या झोतावर अंडे धरावे. कोळ्यासारखा ठिपका व लाल शिरा दिसल्या तर गर्भ जिवंत आहे. अंडे स्वच्छ दिसले तर ते वांझ समजावे. नुसते लाल कडे दिसले तर गर्भ मेला आहे. चौदाव्या दिवशी पुन्हा पाहावे. वास मारणारे अंडे ताबडतोब बाहेर काढावे. ते यंत्रात फुटले तर सारी खेप नासते.

शेवटचे तीन दिवस : अठराव्या दिवशी फिरवणे बंद करावे आणि अंडी आडवी ठेवावीत. आता पाण्याचा हिशेब उलटतो. आर्द्रता ६५ ते ७० टक्के करावी. पावसाळ्यातही या दिवसांत पाण्याचे खण भरावेत. पहिले टोचे पडल्यावर झाकण उघडू नये. उघडल्यास ओलावा जातो आणि पडदा वाळून पिल्लू अडकते. टोचा पडल्यापासून बाहेर येण्यास बारा ते चोवीस तास लागू शकतात. मदत म्हणून कवच सोलू नये, रक्तवाहिन्या तुटतात. शनिवारी संध्याकाळी अंडी ठेवली तर तीन आठवड्यांनी शनिवारीच पिल्ले निघतील, हे ध्यानात ठेवून दिवस निवडावा.

वीज गेली तर : थोड्या गारठ्यापेक्षा जास्त उष्णता अधिक घातक असते. पहिल्या दोन आठवड्यांत यंत्र बंद ठेवून त्यावर जाड गोधडी टाकावी, हवेची भोके मात्र मोकळी ठेवावीत. तिसऱ्या आठवड्यात गर्भ स्वतःच उष्णता निर्माण करतात. त्या वेळी पंखा बंद पडला तर आत कोंदटते. तेव्हा यंत्र झाकू नये आणि तापमान पाहत राहावे. यंत्रावर लिहिलेले वॅट पाहून ते घरच्या इन्व्हर्टरवर चालेल का, याची अंडी ठेवण्यापूर्वीच खात्री करावी.

न निघालेली अंडी फोडून पाहा

बाविसावा दिवस संपल्यावर उरलेली अंडी फेकण्याआधी घराबाहेर फोडून पाहावीत व वहीत नोंद करावी. ओले, फुगलेले पिल्लू आणि लहान पोकळी म्हणजे पाणी जास्त झाले. टोचा पडून पडद्यात वाळलेले पिल्लू म्हणजे शेवटी ओलावा कमी पडला किंवा झाकण उघडले. पिल्ले एकोणिसाव्या-विसाव्या दिवशीच निघाली आणि बेंबी उघडी राहिली, तर तापमान जास्त होते. बाविसाव्या दिवसापर्यंत रेंगाळली, तर ते कमी होते. पुष्कळ अंडी वांझ निघाली, तर दोष नराचा किंवा शिळ्या अंड्यांचा असतो. नंतर अंडी खोल खड्ड्यात पुरावीत आणि यंत्र जंतुनाशकाने पुसून उन्हात वाळवावे.

पिल्ले निघाल्यानंतर

पोटातील बलकावर पिल्लू पहिला एक दिवस निभावते. त्यामुळे अंग वाळेपर्यंत त्याला यंत्रातच राहू द्यावे. मग भाताच्या तुसाचा दोन इंच थर घातलेल्या, उंदीर-मांजरापासून सुरक्षित अशा खोक्यात ठेवावे. पहिल्या आठवड्यात ३५ अंश ऊब द्यावी व दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी ती कमी करावी. एलईडी दिव्याने ऊब मिळत नाही, त्यासाठी तारेचा जुना बल्बच लागतो. पिल्ले दिव्याखाली गोळा झाली तर त्यांना थंडी वाजते. ती दूर पळून चोच उघडी टाकत असतील तर उष्णता जास्त आहे. आधी पाणी पाजावे, मग खाद्य द्यावे.

मानमोडी म्हणजे राणीखेत रोगाविरुद्ध पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लस द्यावी. लसीच्या बाटलीत शंभर किंवा अधिक मात्रा असतात. म्हणून शेजाऱ्यांनी एकत्र येऊन खेपा एकाच वेळी लावल्या तर लस वाया जात नाही. पुढील लसींबाबत जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे.

पहिल्या खेपेला यंत्र पूर्ण भरू नका. वीस-पंचवीस अंडी पुरेत. त्यांतून निम्मी पिल्ले मिळाली तरी निराश होऊ नका, पण वही मात्र नीट ठेवा. पावसाळ्यात एक आणि हिवाळ्यात एक अशा दोन खेपांच्या वजनांच्या नोंदी हाती आल्या की आपल्या घरात, आपल्या यंत्रात पाणी किती ठेवायचे हे आपल्याला कोणत्याही पुस्तिकेपेक्षा अचूक कळेल.