गोवंडीच्या पक्षीमित्रांनो, वर्षभराच्या नोंदी एकत्र लावूया!

मंडळी, आपल्यातले बरेच जण एकमेकांना फक्त मोबाइलवर ओळखतात. तरी देवनार, मानखुर्द, ट्रॉम्बेहून वर्षभर तुम्ही पाठवलेले फोटो म्हणजे आपल्या भागाची खरीखुरी नोंदवही आहे. ३१ डिसेंबरच्या आत ती नीट लावूया.

🦩 रोहित (फ्लेमिंगो): ठाणे खाडीतला सुमारे १,६९० हेक्टरचा पट्टा २०१५ मध्ये अभयारण्य झाला, २०२२ मध्ये खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जा मिळाला. फोटोत चोच बघा. गुलाबी आणि फक्त टोकाला काळी असेल तर मोठा रोहित. सगळीच गडद लालसर-काळी असेल तर लहान रोहित. करड्या रंगाचे दिसतात ते वयाने लहान पक्षी.

🦅 घार: देवनारच्या कचराभूमीवर (डम्पिंगवर) रोज दिसते म्हणून वगळू नका. थंडीत उत्तरेकडून काळ्या कानाची घारही येते. ती थोडी मोठी असते आणि तिच्या पंखांखालचा पांढरा पट्टा जास्त ठळक दिसतो.

📝 काय करायचं?
• तारीख, वेळ, जागा आणि अंदाजे संख्या लिहा.
• व्हॉट्सअॅपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे मूळ तारीख टिकते.
• ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर जुन्या तारखेची यादीही भरता येते.

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. १९८७ पासून चाललेल्या या कामात यंदा आपणही उतरूया. कोण कोण येणार? खाली नक्की कळवा!