डिलाइट, हेराल्ड आणि एक बुधवार

सकाळी साडेसहा

मूल्यांकनाला जायचं असलं की आदल्या रात्री मालकाला एकच ताकीद देऊन ठेवतो: मी येईपर्यंत किल्ली फिरवायची नाही. लोक कौतुकापोटी पहाटे उठून गाडी धुतात, दहा मिनिटं चालू ठेवतात आणि मी पोहोचलो की एका झटक्यात सुरू करून दाखवतात. गरम इंजिन सगळं झाकून नेतं. चोक किती ओढावा लागतो, पहिल्या अर्ध्या मिनिटात निळा धूर येतो का, टॅपेटचा आवाज कधी बसतो, हे सगळं थंड इंजिनच सांगतं.

आज प्रभात रोडवरच्या एका बंगल्यात १९६६ची फियाट ११००, म्हणजे डिलाइट. १०८९ सीसी, गियर स्टिअरिंगच्या दांडीला. मालक काका अठ्ठ्याहत्तरीचे. त्यांच्या वडिलांनी नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट बघून घेतलेली गाडी, तेव्हापासून घरातच. ताकीद पाळली होती, बॉनेटवर हात ठेवून खात्री केली.

तलम फडक्यात गुंडाळलेलं एक छोटं चुंबक खिशात असतं. पत्रा असेल तिथे ते धरतं, पोटीन जाड असेल तिथे घसरून पडतं. दारांच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी, डिकीच्या तळाचे कोपरे. डाव्या मागच्या कमानीवर चुंबक दोनदा पडलं. काका लगेच म्हणाले, "तिथे रिक्षावाल्यानं ठोकली होती, खोटं नाही बोलणार." असा मालक मला आवडतो.

मग गाडी डिलाइटच आहे ना, हा प्रश्न. तो घरच्या गाडीच्या बाबतीत विचारणं अपमानास्पद वाटतं, पण विचारावाच लागतो. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने हीच बॉडी पुढे प्रेसिडेंट म्हणून आणि १९७४पासून पद्मिनी म्हणून विकली, त्यामुळे पद्मिनीची पुढची जाळी बदलून तिला डिलाइट म्हणून खपवणारे महाभाग आहेत. जाळी बदलता येते, नंबर बदलणं जड जातं. बॉनेट उघडून चासी नंबरवरची धूळ आणि ग्रीस रॉकेलच्या बोळ्याने पुसलं, पातळ कागद ठेवला आणि पेन्सिल आडवी धरून हलकेच घासली. काळ्या पट्ट्यात पांढरे आकडे एकेक करून उमटले. बघायचं असतं ते आकड्यांमधलं अंतर आणि ठशाची खोली. कारखान्यातला ठसा एका मापात बसतो. हातोडीने मागाहून मारलेला एखादा तरी आकडा तिरपा जातो किंवा त्याच्या भोवतीचा पत्रा घासलेला दिसतो. इथे सगळे सरळ होते. इंजिन नंबरही आरसी बुकाशी जुळला.

सव्वाआठ

पोहे आले, आणि फाइल आली. खरं सांगायचं तर माझ्या लेखी गाडीपेक्षा फाइल जास्त बोलते. बुकिंगची पावती, जुनं कापडी बांधणीचं आरसी बुक, करभरणीच्या पावत्या, गॅरेजची बिलं. चकाचक रंगवलेल्या पण कागद नसलेल्या गाडीपेक्षा फिकट रंगाच्या पण फाइल असलेल्या गाडीला मी नेहमी वरचा आकडा देतो. रंग तीन महिन्यांत मारून मिळतो. १९६६ची पावती कोण छापून देणार?

त्याच फाइलमध्ये विम्याची पॉलिसी होती. विमामूल्य, म्हणजे आयडीव्ही, ऐंशी हजार.

"काका, हा आकडा कुणी टाकला?"

"एजंटनं. पण विमा फर्स्ट पार्टी आहे हो माझा!"

इथेच बहुतेकांचं फसतं. घसाऱ्याचा तक्ता पाच वर्षांपर्यंतच आहे: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, मग १५, २०, ३०, ४०, आणि चार ते पाच वर्षांना ५०. त्यापुढच्या आणि बंद पडलेल्या मॉडेलच्या गाडीचं मूल्य कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायचं, असा नियम आहे. पण ठरवायला कुणी बसतच नाही. एजंट मागच्या वर्षीच्या आकड्यातून सवयीने थोडं कमी करतो आणि हप्ता कमी आला म्हणून मालक खूश.

मी कागदावर मांडून दाखवलं. जुन्या टॅरिफमध्ये पुण्यासारख्या ए झोनमध्ये, दहा वर्षांवरच्या, १००० ते १५०० सीसीच्या गाडीला स्वतःच्या नुकसानीचा दर ३.५२९ टक्के. ऐंशी हजारांवर २,८२३ रुपये, चार लाखांवर १४,११६. २००७पासून टॅरिफ सुटलं, कंपन्या आता यावर भरपूर सूट देतात, तेव्हा प्रत्यक्षातला फरक यापेक्षाही कमी. थर्ड पार्टीचे ३,४१६ दोन्हीकडे सारखेच. आता दुसरी बाजू. दुरुस्तीचा खर्च विमामूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी 'टोटल लॉस' धरते. ऐंशी हजारांचे ७५ टक्के म्हणजे साठ हजार. दोन दारं आणि एका बाजूचा पत्रा ठोकून पूर्ण रंग काढला की साठ हजार सहज होतात. म्हणजे बऱ्यापैकी ठोकर बसली की कंपनी ऐंशी हजार हातावर ठेवणार आणि दुरुस्त होण्यासारखी गाडी भंगारात धरणार. गाडी ठेवायची म्हटलं तर भंगाराची किंमत त्यातून वजा. विमा कमी रकमेचा असला की पैसे कमी मिळतात एवढंच लोकांना माहीत असतं. गाडीच हातची जाऊ शकते, हे कुणी सांगत नाही.

काकांनी चष्मा काढून कागद जवळ धरला. काकू आतून म्हणाल्या, "मी सांगत होते, त्या एजंटला एकदा घरी बोलवा."

मग 'व्हिंटेज' नोंदणीचा विषय निघाला. २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नवी नोंदणी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात 'व्हीए' अक्षरं. व्हिंटेज नोंदणीच्या खासगी गाडीला थर्ड पार्टी हप्त्यात निम्मी सूटही आहे. पण मग गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि देखभाल एवढ्यासाठीच बाहेर काढायची, रोजच्या वापराला नाही.

"म्हणजे मंडईत नाही न्यायची?"

"नाही."

"मग राहू द्या."

मीही तेच सुचवलं असतं.

दहा

आरटीओ. एका जीपच्या कागदांसाठी. पेट्रोल इंजिन काढून कधीतरी डिझेल बसवलेलं, आरसीवर मात्र अजून पेट्रोल. तेव्हा असं सर्रास व्हायचं, अँबेसेडरलाही व्हायचं. पण आरसीवर नोंद नसेल तर दाव्याच्या वेळी कंपनीला बोट ठेवायला आयती जागा मिळते. फॉर्म घेतला, रांग बघितली, परत फिरलो.

साडेअकरा

बुधवार असल्यामुळे जुना बाजार. दर बुधवारी जमलं की एक फेरी मारतो, खरेदीला कमी आणि भाव ऐकायला जास्त. आपल्याकडे जुन्या गाड्यांच्या भावाचं सर्वमान्य पुस्तक नाही. मालक सांगतो तो भाव, जाहिरातीतला भाव आणि पैसे हातात पडले तो भाव, हे तीन वेगळे, आणि अहवालात तिसराच चालतो. त्यामुळे कोण कुणाला काय देतो यावर कान ठेवावा लागतो. फियाटच्या हबकॅपला आज सांगितलेला भाव ऐकून मी दोनदा विचारलं. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीने २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्ता सोडला. इतकी वर्षं पार्टांचा धंदा त्या टॅक्सींवर चालला होता. गिऱ्हाईकच गेल्यावर दुकानदार माल कशाला भरतील? पार्ट दुर्मिळ झाले की दुरुस्तीचा खर्च वाढतो, आणि खर्च वाढला की विमामूल्यही वाढवून घ्यावं लागतं.

दीड

डबा. गाडीतच.

सव्वादोन

आता दुसरी टोपी. सकाळी मी मालकाच्या पैशाने मूल्यांकन करत होतो, दुपारी विमा कंपनीने नेमलेला सर्व्हेअर. एकाच गाडीसाठी दोन्ही टोप्या घालायच्या नाहीत, हा माझा नियम.

कात्रजजवळच्या गॅरेजात स्टँडर्ड हेराल्ड. मद्रासला बनलेली, ९४८ सीसी. उभ्या गाडीवर पावसात गुलमोहराची फांदी पडली. हेराल्डचं पुढचं सगळं तोंडच बॉनेट असतं, मडगार्डांसकट ते पुढच्या बाजूला उघडतं. तो अख्खा तुकडा मधोमध दबलेला, काचही गेलेली. मालक तरुण मुलगा, घाबरलेला. कुणीतरी त्याला सांगितलेलं की दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या पार्टावर कंपनी ५० टक्के कापते, तर अर्धे पैसे बुडाले.

"दादा, हे बॉनेट नवीन मिळतं का?" मी मिस्त्रींना विचारलं.

"कुठलं साहेब! ठोकूनच काढावं लागणार. बारा-पंधरा दिवसांचं काम."

"मग तसंच लिहून द्या. पत्रा काम, मजुरी."

कारण कपात बदललेल्या पार्टावर आहे, मजुरीवर नाही. नवा पार्ट मिळत नाही हे या गाडीचं दुखणं, दाव्यात तेच कामी येतं. मिस्त्री जे हाताने ठोकून काढणार ती मजुरी, आणि ती पूर्ण धरता येते. काचेवर घसारा नाही. रबर बीडिंगवर ५० टक्के. रंगकामाच्या रकमेतला चौथा हिस्सा सामान धरून त्याच्यावर ५० टक्के. आणि सक्तीचे एक हजार वजा. मुलाच्या हिशेबात अर्धे बुडत होते, माझ्या हिशेबात बहुतेक सगळे येत होते. कंपनीवर उपकार नाही आणि मुलावरही नाही, जे आहे ते मांडलं.

मिस्त्रींचं अंदाजपत्रक मात्र एका ओळीचं होतं: 'बॉनेट काम व रंग', खाली आकडा. ते त्यांना शेजारी बसवून फोडून घेतलं. उघडणं, ठोकणं, वेल्डिंग, पोटीन, प्रायमर, रंग, काच, रबर. चाळीस मिनिटं गेली. जुन्या गाड्यांचे निम्मे दावे या एका ओळीवर अडतात असं माझं मत आहे. हाताने पत्रा बोलका करणाऱ्या माणसाला पेन धरायचा कंटाळा असतो, आणि कंपनीत बसलेल्याला पेनाशिवाय दुसरं काही दिसत नाही.

पाच

हडपसरला एक लॅम्ब्रेटा. रंग सुंदर, इंजिन नंबर घासलेला. मालकाने मूल्यांकन मागितलं, मी पोलीस पडताळणीचा कागद मागितला. विषय संपला.

सात

अहवाल. फियाटला चार लाख लिहिले. काकांची अपेक्षा सहाची होती. मागची कमान, झिजलेली दुसऱ्या गियरची दातरी, नव्याने शिवलेली सीट कव्हरं. फोटो आणि कारणांसकट वजा केलं. एकाच कुटुंबाची मालकी, जुळणारे नंबर, मूळ पावती, अधिक केलं. कंपनीचा अंडररायटर गाडी बघायला येत नाही, त्याच्यापुढे फक्त हे आठ कागद जातात. म्हणून प्रत्येक आकड्याला फोटोचा क्रमांक जोडतो.

एका गोष्टीची चीड अजून येते. ठरलेलं मूल्य, म्हणजे गाडी गेली तर घसारा न कापता तेवढीच रक्कम, अशी पॉलिसी जुन्या टॅरिफने फक्त व्हिंटेज मोटारींना ठेवली. आणि व्हिंटेज कोण? ३१ डिसेंबर १९४०च्या आधी बनलेली आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने दाखला दिलेली. म्हणजे संस्थानिकांच्या गॅरेजातल्या गाड्या सुटल्या. मध्यमवर्गाने पोटाला चिमटा काढून घेतलेल्या फियाट, हेराल्ड, अँबेसेडर मधल्यामध्ये लटकल्या: आरटीओच्या लेखी व्हिंटेज, टॅरिफच्या लेखी नुसत्याच जुन्या. त्यांच्यासाठी 'आपसात ठरवणं' एवढाच रस्ता, आणि त्या रस्त्यावर कागद लागतो.

पावणेनऊ

मुंबईहून फोन. युद्धापूर्वीची गाडी, रॅलीला न्यायची आहे, दाखला आहे, ठरलेल्या मूल्याची पॉलिसीही आहे. सगळं चोख. मी विचारलं, "रॅलीचं एन्डॉर्समेंट?"

"ते कशाला? शर्यत थोडीच आहे!"

शर्यत नसली तरी पॉलिसीत रॅली आणि विश्वासार्हता चाचण्यांसाठी वेगळी जोडणी आहे, आयएमटी ३१. आयोजकाचं पत्र, तारीख आणि मार्ग देऊन ती आधी करून घ्यावी लागते. गाडी ट्रेलरवर जाणार असेल तर वाटेतला विमा वेगळा.

"रॅली कधी आहे?"

"रविवारी."

"मग उद्या सकाळी दहाला कंपनीच्या दारात उभे राहा. आणि पत्रावर गाडीचा चासी नंबर लिहून घ्या, नुसता नंबर प्लेटचा नको."

त्यांनी पेन शोधेपर्यंत मी फोन धरून ठेवला.