टर्मिनल नेमकं कुठे संपतं? संशोधनाची हद्द आखताना

पीएचडीच्या पहिल्या वर्षाच्या प्रगती सादरीकरणात मी दाभोळच्या एलएनजी टर्मिनलचा एक नीटनेटका आराखडा दाखवला होता. जेट्टी, साठवणटाक्या, द्रवाचा पुन्हा वायू करणारं युनिट, बाहेर जाणारी पाइपलाइन. या चौकोनातलं उत्सर्जन मोजायचं, असा माझा प्रस्ताव होता. समितीतल्या एका सरांनी एकच प्रश्न विचारला, "हा गॅस जेट्टीवर आला कुठून?" मी म्हणाले, "सर, ते माझ्या अभ्यासाच्या बाहेर आहे." सर म्हणाले, "बाहेर आहे की तुम्ही बाहेर ठेवलंय?"

त्यानंतर जवळपास सहा महिने मी तो चौकोन पुन्हा आखण्यात घालवले. तुमचे सहा महिने वाचावेत म्हणून हा लेख.

आधी थोडं विज्ञान

एलएनजी म्हणजे उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून द्रव केलेला नैसर्गिक वायू. त्यात मुख्यतः मिथेन असतो. द्रव झाल्यावर त्याचं आकारमान साधारण ६०० पटीने कमी होतं, म्हणून तो जहाजातून नेणं परवडतं. निर्यात टर्मिनलवर वायूचा द्रव होतो, आयात टर्मिनलवर द्रवाचा पुन्हा वायू. जास्त ऊर्जा खाणारं काम निर्यातीच्या टोकाला होतं. तिथे येणाऱ्या वायूपैकी साधारण ८ ते १० टक्के वायू द्रवीकरणातच खर्ची पडतो.

म्हणजे मी फक्त दाभोळ मोजलं असतं, तर साखळीतला सगळ्यात स्वच्छ दिसणारा तुकडा मोजला असता.

दाभोळच्या पलीकडचं टोक

नाव दाभोळचं असलं तरी प्रकल्प वाशिष्ठी खाडीच्या दक्षिणेला, गुहागर तालुक्यातल्या अंजनवेल-वेलदूर भागात आहे. एन्रॉनच्या काळात इथल्या मच्छीमार गावांनी केलेला विरोध आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पण ३० मार्च २०१८ रोजी इथे 'मेरिडियन स्पिरिट' हे जहाज लागलं, ते अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या सबीन पास टर्मिनलवरून. गेलने डिसेंबर २०११ मध्ये केलेल्या २० वर्षांच्या करारातला हा पहिला माल.

सबीन पास कॅमेरॉन परगण्यात आहे. २०२० च्या जनगणनेत या अख्ख्या परगण्याची लोकसंख्या सहा हजारांच्याही आत होती. पाणथळ जमीन, कोळंबीची मासेमारी, गुरं आणि वरचेवर येणारी चक्रीवादळं. सबीन पास २००८ मध्ये सुरू झालं ते आयात टर्मिनल म्हणून. शेल गॅसमुळे अमेरिकेचं गणित उलटं झालं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तिथून निर्यात सुरू झाली. आता त्याच परगण्यात एकापाठोपाठ एक निर्यात टर्मिनलं येत आहेत. तिथल्या सीपी-२ या प्रस्तावाला जून २०२४ मध्ये तिथल्या ऊर्जा नियामक आयोगाने मंजुरी दिली, तेव्हा स्थानिक मच्छीमारांचा त्याला विरोध होता.

वेलदूर आणि कॅमेरॉन, दोन्हीकडे मासेमारी करणारी माणसं, आणि मध्ये एक जहाज. माझ्या चौकोनात यातलं एकच टोक होतं.

हद्द बदलली की उत्तर कसं बदलतं

वही घ्या. १०० किलो मिथेन पूर्ण जाळला, तर ४४/१६ या गुणोत्तराने २७५ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. आता धरून चला (हे फक्त गृहीतक आहे) की विहिरीपासून चुलीपर्यंत ३ किलो मिथेन न जळता गळाला. आयपीसीसीच्या सहाव्या अहवालानुसार जीवाश्म मिथेनचा तापमानवाढीचा गुणांक २० वर्षांच्या हिशोबाने ८२.५ आणि १०० वर्षांच्या हिशोबाने २९.८ आहे.

२० वर्षांच्या हिशोबाने: ३ × ८२.५ = २४७.५ किलो
१०० वर्षांच्या हिशोबाने: ३ × २९.८ = ८९.४ किलो

गळती तेवढीच, पण एका हिशोबात ती जाळण्याच्या उत्सर्जनाच्या बरोबरीला येते, तर दुसऱ्यात एक तृतीयांशाच्या आसपास राहते. म्हणजे हद्द जागेची असते तशी काळाचीही असते.

तिसरी हद्द एककाची. कॉर्नेल विद्यापीठाच्या रॉबर्ट हॉवर्थ यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, २० वर्षांच्या हिशोबाने अमेरिकी एलएनजीचा हरितगृह वायूंचा ठसा कोळशापेक्षा ३३ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या प्रयोगशाळेने, एनईटीएलने, २०१९ मध्ये जवळपास उलटा निष्कर्ष काढला होता. कोण खोटं बोलतंय? घाई करू नका. हॉवर्थ यांनी तुलना इंधनातल्या उष्णतेच्या प्रति मेगाज्यूल केली, एनईटीएलने तयार झालेल्या विजेच्या प्रति युनिट. गॅसवरची वीजकेंद्रं सहसा कोळशाच्या केंद्रांपेक्षा जास्त कार्यक्षम असतात, त्यामुळे एकक बदललं की तुलना गॅसच्या बाजूने झुकते. गळतीचे दरही दोघांनी वेगवेगळे धरले. म्हणून पेपर वाचताना निष्कर्षाआधी एकक आणि गृहीतकं वाचायची सवय लावा.

आणि काष्टी?

सुट्टीत गावी आले होते. नानांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, विचारलं, "तुझ्या त्या गॅसचा आपल्याशी काय संबंध गं?" ओसरीवर युरियाच्या गोण्या रचलेल्या होत्या, उसासाठी आणलेल्या. भारतात युरिया जवळपास सगळा नैसर्गिक वायूपासूनच बनतो आणि त्यातला मोठा वाटा आयात एलएनजीचा असतो. ४५ किलोच्या एका गोणीसाठी सुमारे २५.५ किलो अमोनिया लागतो, आणि त्यातला हायड्रोजन मिथेनमधून येतो. पुढे शेतात टाकलेल्या नत्राचा थोडा भाग नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो. त्याचा १०० वर्षांचा गुणांक २७३.

हे सांगितल्यावर नाना म्हणाले, "म्हणजे तुझा बांध आपल्या वावरापर्यंत आला की!"

आलाच. पण सगळं जग एका प्रबंधात बसत नाही, कुठेतरी थांबावंच लागतं. माझी हद्द आता विहिरीपासून दाभोळच्या पाइपलाइनच्या तोंडापर्यंत आहे. युरिया तिच्या बाहेर आहे. फरक इतकाच, की तो का बाहेर आहे हे मी पहिल्या प्रकरणात लिहिलंय.

प्रस्ताव लिहिण्याआधी

१. जागा, काळ आणि एकक या तिन्ही हद्दी एकेका वाक्यात लिहा.
२. बाहेर ठेवलेल्या गोष्टींची यादी करा आणि प्रत्येकीपुढे कारण लिहा. 'डेटा मिळत नाही' हे प्रामाणिक कारण आहे, 'संबंध नाही' हे सिद्ध करावं लागतं.
३. हद्द एक पायरी मोठी करून कच्चं गणित करा. उत्तराची दिशाच बदलत असेल, तर तुमची हद्द चुकली आहे.
४. त्या हद्दीबाहेर कोण माणसं राहतात, हे एकदा नकाशावर बघा.

चौथा मुद्दा पद्धतीच्या पुस्तकात नसतो. सरांच्या प्रश्नाचा अर्थ मात्र मला तिथेच कळला.